अलेलीचे कान

सोमवारी अलेलीला पुन्हा वॉर्डात भरती करताना एका नव्या नर्सने तिची लोकरीची टोपी काढायला हात पुढे केला, तेवढ्यात नोएमी म्हणाली, "राहू द्या ना टोपी. तिला वारं बाधतं."

वॉर्डाच्या खिडक्या बंद होत्या. बाहेर लिमाचं आभाळ ओल्या फडक्यासारखं छपरांवर टेकलं होतं आणि वारा औषधालाही नव्हता. नर्सने टोपी काढलीच. कानांतले सोन्याचे इवलेसे डूल, त्यांत बसवलेलं गुंजेसारखं लाल-काळं बी, आणि डाव्या पाळीखाली वाळून काळं पडलेलं रक्त, सगळं उघड्यावर आलं.

"कान कधी टोचले हिचे?"

"जन्मल्यावर लगेच," नोएमी म्हणाली. "अबानकायला, औषधाच्या दुकानात. पाकिटातली नवी सुई होती."

"मग हे रक्त कसलं?"

"खाजवते ती."

अलेली खाजवायची हे खरंच होतं. पित्त बाहेर पडायला वाट नसली की ते कातडीखाली साठतं आणि सात महिन्यांचं पोर स्वतःला ओरबाडून काढतं. त्यामुळे ते खोटं खऱ्याच्या कुशीत शिरून बसलं. नर्सने ओल्या कापसाने पाळी पुसली आणि ती शेजारच्या बाळाकडे वळली. नोएमीने टोपी पुन्हा चढवली, कानांवरचे पट्टे खाली ओढले आणि हनुवटीखाली गाठ मारली. गाठ मारताना तिच्या लक्षात आलं की आपण या बाईला अगदी सराईतपणे, डोळ्यांत बघून थाप मारली. वर्गातली पोरं मारायची तशी.

नोएमी डोंगरातल्या अबानकायच्या माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवायची. अलेली पिवळी जन्मली तेव्हा घरच्या सगळ्या बायका म्हणाल्या, सकाळच्या उन्हात धर, उतरेल. हिने उन्हात धरलंही, पण लंगोट बदलताना शी चुन्यासारखी पांढरट दिसली तशी ती कुणाचं न ऐकता पोरीला घेऊन लिमाला आली. यकृतातून पित्त नेणाऱ्या नळ्या जन्मतःच बुजलेल्या निघाल्या. "तुम्ही वेळेवर आणलंत," डॉक्टर उगार्ते म्हणाल्या होत्या, आणि ते वाक्य नोएमीने महिनोन्‌महिने पदराला बांधून ठेवलं होतं. पहिलं ऑपरेशन लागू पडलं नाही. आता बापाच्या यकृताचा एक तुकडा काढून तिच्या पोटात बसवायचा होता. शुक्रवार ठरला होता. तोवर डॉक्टरांच्या दोनच अटी होत्या: आजारी माणूस जवळ येता कामा नये, आणि आमच्या हातची सोडून दुसरी सुई अंगाला लागता कामा नये.

आणि रविवारी लागली होती.

त्याचं मूळ मात्र रविवारच्याही आधीचं होतं. एकदा तपासणीहून परतताना मिनीबसमध्ये समोरच्या बाईने अलेलीकडे वाकून पाहिलं होतं. टम्म फुगलेलं पोट, काटकुळे पाय, हळद फासल्यासारखा चेहरा. बाई आपल्या सोबतिणीला म्हणाली, "बिचारा. म्हाताऱ्यासारखा दिसतो बघ." मग नोएमीला विचारलं, "मुलगा ना?" नोएमीने हो म्हटलं. का म्हटलं ते तिला आजही सांगता आलं नसतं. आपली मुलगी इतकी कुरूप आहे हे कबूल करण्यापेक्षा हा दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा आहे असं ठरवून टाकणं त्या क्षणी सोपं वाटलं. पुढच्या थांब्यावर ती उतरली आणि उरलेली वाट चालत गेली. त्या दिवसापासून पोरीला बाहेर नेताना ती तोंडावर दुपटं ओढायची आणि विचारलं तर सांगायची, ऊन लागतं.

रविवारी अबानकायहून ओब्दुलिया आली.

ओब्दुलिया अलेलीची कानांची धर्ममाता. त्यांच्याकडे बाप्तिस्म्याची धर्ममाता वेगळी, जावळाची वेगळी आणि मुलगी असेल तर कानांची वेगळी. मुलीचे पहिले डूल तिने आणायचे आणि कानही तिनेच टोचायचे. एकदा हा मान दिला की त्या दोघी बायका जन्मभर एकमेकींना कोमाद्रे म्हणतात आणि एकमेकींचा शब्द खाली पडू देत नाहीत. अलेलीच्या आजारपणामुळे कान राहून गेले होते. ओब्दुलियाची अबानकायच्या बाजारात हाताने कापलेल्या शेवयांची खाणावळ होती. दुकान भाचीवर टाकून, रात्रभर आणि निम्मा दिवस बसमध्ये बसून ती ऑपरेशनसाठी रक्त द्यायला आली होती. रक्तपेढीला घरची माणसं लागतात. नोएमीचा नवरा विल्बेर त्यासाठीच शहराच्या दुसऱ्या टोकाला, गावाकडची माणसं वस्ती करून राहतात तिथे, रक्तदाते गोळा करत फिरत होता.

हॉस्पिटलमागच्या भाड्याच्या खोलीत ओब्दुलियाने गाठोडं सोडलं. चीज, भाजलेला मका, वाळवलेल्या शेवया, उसाच्या दारूची बाटली, आणि सगळ्यांत तळाशी कापडाच्या पुरचुंडीत डूल.

"कोमाद्रे, इकडे आण तिला."

"डॉक्टर नको म्हणाल्यात," नोएमी म्हणाली. "ऑपरेशन झाल्यावर करू."

"डॉक्टर लिमाची आहे. तिला काय ठाऊक." ओब्दुलियाने पोरीला मांडीवर घेतलं आणि तिच्या फुगल्या पोटावर ओठ टेकवून मोठ्याने पुर्र केलं. अलेली हसली. तिला हसवायला फार कुणी धजत नसे. "हे बघ, मी तुला घाबरवत नाही. पण पोर एवढ्या मोठ्या टेबलावर निजणार, आणि तीही अशी मोकळ्या कानांनी? वाईट काही झालं तर वर देव विचारेल, ही कुणाची गं पोर, हिला धर्ममाता नव्हती का कुणी?"

नोएमीला देव आठवला नाही, मिनीबसमधली बाई आठवली.

"हळू करा मग," ती म्हणाली.

शेगडीवर त्या वेळी पाणी उकळत होतं. दुधाच्या बाटल्यांसाठी नोएमी दिवसातून चार वेळा पाणी उकळायची, घड्याळ लावून. धुऊन धुऊन तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या. ओब्दुलियाने आपल्या झग्याच्या गळपट्टीत टोचलेली सुई काढली, तिच्यात लाल दोरा ओवला, बाटलीतली थोडी दारू तिच्यावर ओतली. नोएमीच्या जिभेवर आलं होतं: कोमाद्रे, ती सुई जरा त्या पाण्यात टाकते. एवढंच वाक्य. पण त्याचा अर्थ झाला असता की तुमचे हात घाण आहेत. वयाने आईएवढी बाई, रात्रभर बसमध्ये आखडून आपल्या पोरीसाठी रक्त द्यायला आलेली. शहरात राहून गावच्या सुनेला शिंगं फुटली, असं गावभर झालं असतं. नोएमी बाटल्या पुसत राहिली.

"पाळीमागे बटाटा धरतात म्हणे हल्लीच्या पोरी," ओब्दुलिया म्हणाली. "मला बोटच लागतं. बोटाशिवाय कळत नाही सुई कुठवर आली ते." आणि उजवा कान टोचला. सुई पाळीतून गेली ती थेट मागे धरलेल्या तिच्याच बोटात घुसली. "अगं आई," म्हणून ती हसली. बोटावर रक्ताचा टपोरा थेंब आला. तिने बोट तोंडात घातलं, सुई झग्याला पुसली, आणि पोर रडून आकांत करण्याआधी उरकावं म्हणून लगोलग डावा कान टोचला.

नोएमीने हे सगळं पाहिलं. पुसून झालेली बाटली ती पुन्हा पुसत होती.

रक्त संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. यकृत बिघडलं की रक्त गोठत नाही, हे नोएमी पाठ म्हणून दाखवू शकली असती. ती चिमटीत पाळी धरून बसून राहिली. विल्बेर आला, त्याने डूल पाहिले आणि त्याचा थकलेला चेहरा उजळला. "आयला, ही तर बाई झाली माझी," तो म्हणाला. "आता मिरवायला न्यायला पाहिजे." नोएमीने पोरीकडे पाहिलं. पिवळ्या चेहऱ्यावर सोनं काही फारसं उठून दिसत नव्हतं.

बुधवारी दुपारी ओब्दुलियाने तिला हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर बोलावून घेतलं. गाडीवरचा जवाचा गरम काढा दोन पेल्यांत घेऊन ती कठड्याशी उभी होती. सोमवारी तिने रक्त दिलं होतं, आणि आज रक्तपेढीने तिला परत बोलावलं होतं.

"नको म्हणतायत माझं रक्त," ती म्हणाली. तिने हे हसत सांगायचं ठरवलेलं दिसत होतं, पण हसणं अर्ध्यावर राहिलं. "एक पोरगा होता, चष्मेवाला. आत नेऊन दार लावलं. मी म्हटलं, काय रे बाबा, लग्नाची मागणी घालतोस काय. तर म्हणे, सेन्योरा, तुमच्या रक्तात हेपाटायटिस बी आहे. लिव्हरचं काहीतरी. जुनं असेल म्हणे, वर्षानुवर्षांचं."

नोएमीने पेला कठड्यावर ठेवला.

"तुम्हाला कधी त्रास झाला होता?"

"मला? मी बैलासारखी आहे. पहाटे उठून दोन पाट्या पीठ मळते." ओब्दुलियाने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याने बजावलं, दाढीचं पातं कुणाला वापरू देऊ नका. मी म्हटलं, लेकरा, नीट बघ, मला दाढी आहे का." ती पुन्हा हसायला गेली. "कोमाद्रे, हे कुणाला बोलू नकोस. विल्बेरलाही नको. बाजारात कुणकुण लागली तर माझ्या शेवया कुत्रं खायचं नाही. शपथ घे."

"नाही बोलत," नोएमी म्हणाली.

ओब्दुलियाच्या मनात बोट आणि सुई यांची सांगड अजून पडलेली नव्हती. तिच्या लेखी टोचलेलं बोट म्हणजे रोजचं काम. ती सांगत राहिली की मी नाही तर माझा भाऊ देईल रक्त, तो तरणा आहे. नोएमीला पुढचं ऐकू येत नव्हतं. दर वर्षी नववीच्या वर्गात ती फळ्यावर एक गोल काढायची, त्याच्याभोवती काटे काढायची आणि म्हणायची: हा विषाणू शरीराबाहेरसुद्धा कित्येक दिवस जिवंत राहतो, रक्ताचा न दिसणारा अंश त्याला पुरतो, आणि लहान बाळाच्या अंगात एकदा शिरला की बहुतेक वेळा जन्माचा मुक्काम करतो. मागच्या बाकावरच्या मुलांना ती तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावायची.

वॉर्डाकडे परत जाताना ती जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबली. तिचं डोकं फार वेगाने चालत होतं आणि ते कुठल्या दिशेने चाललंय ते तिला दिसत होतं. विषाणू दारूने मेला असेल. एकच थेंब होता, आणि तो तिने चोखून टाकला होता. उजव्या कानाला तर काहीच लागलं नाही. जन्मल्यावर लस टोचली होती. पुढच्या मात्रा दर वेळी ताप नाहीतर भरती म्हणून राहिल्या, तरी पहिली तर होती. सांगितलं तर शुक्रवार गेला. शुक्रवार गेला की दुसऱ्या कुणाच्या बाळाला ते टेबल मिळेल, आणि अलेलीच्या पोटात पाणी भरायला लागलं होतं. तिच्याकडे वाट बघायला वेळ नव्हता.

सगळ्यांत भयंकर विचार सगळ्यांत शेवटी आला, आणि तो अगदी शांतपणे आला: न सांगितलं तर कुणालाही कधीच कळणार नाही. विषाणू इतक्यात तपासणीत दिसत नाही. अलेलीचं सोमवारचं रक्त स्वच्छ आलं होतं, शुक्रवारचंही स्वच्छ येईल. पुढे महिन्यांनी निघालंच, तर हॉस्पिटलात कुठून तरी आलं असेल असं म्हणतील. पण नवं यकृत बसवल्यावर शरीराने ते झिडकारू नये म्हणून तिची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम लुळी करणार होते. विषाणूला रान मोकळं. बापाने पोट फाडून दिलेला तुकडा आईच्या मौनाने खाऊन टाकायचा.

आपण एवढा वेळ शुक्रवारचा विचार करत नव्हतो, हे नोएमीला कळलं. आपण नर्सच्या चेहऱ्याचा विचार करत होतो. पाकिटातली नवी सुई म्हणालात ना, असं ती म्हणेल त्या क्षणाचा.

वॉर्डात विल्बेर अलेलीच्या खाटेशी बसून शेजारच्या खाटेवरच्या युलिसाला हसवत होता. युलिसा पुकाल्पाकडची, एकोणीस वर्षांची, तिच्या मुलाचंही यकृत बिघडलेलं. "डॉक्टर म्हणाल्या चवथा हिस्सा काढणार," विल्बेर सांगत होता. "मी म्हटलं, अर्धा घ्या, फक्त बियर पिणारा भाग मला ठेवा." युलिसा खिदळली. तिच्या हातात मुलाची चोखणी होती. मागच्या महिन्यात ती जमिनीवर पडली तेव्हा युलिसाने पटकन स्वतःच्या तोंडात घालून साफ केली होती, आणि नोएमीने तिला सगळ्या वॉर्डासमोर धडा दिला होता. आपल्या तोंडात काय काय असतं माहीत आहे का, या मुलांना साधी सर्दीही झेपायची नाही, जरा वाचत जा. युलिसा लाल झाली होती आणि तेव्हापासून चोखणी उकळायची. उकळून झाली की नोएमीला दाखवायची, बरोबर आहे ना बाई?

डॉक्टर उगार्ते फेरीवर आल्या. त्यांनी अलेलीचं पोट चाचपलं, विल्बेरला उपासाचे नियम सांगितले आणि जायला निघताना, रोजच्यासारखंच, विचारलं, "बाकी काही? ताप, जुलाब, कुणी आजारी माणूस भेटून गेलं?"

"नाही," विल्बेर म्हणाला.

"डॉक्टर," नोएमी म्हणाली, "कानांचं ते... म्हणजे कदाचित काही नसेलही. टोचताना कदाचित सुई..." आपलं वाक्य पळवाटा शोधतंय हे तिला ऐकू आलं. ती थांबली. मग जमिनीकडे बघत तिने सरळ सांगायला सुरुवात केली. "कान औषधाच्या दुकानात टोचले नाहीत. नर्सला मी खोटं सांगितलं. रविवारी टोचले, खोलीवर, घरच्या सुईने. टोचणाऱ्या बाईचं बोट त्या सुईने टोचलं गेलं, रक्त आलं, आणि त्याच सुईने तिने दुसरा कान टोचला. त्या बाईला हेपाटायटिस बी आहे. आज कळलं."

युलिसाने चोखणी उशीखाली सरकवली आणि ती भिंतीकडे तोंड करून मुलाचं दुपटं नीट करू लागली. ते नीटच होतं. तिने नोएमीकडे मान वर करून पाहिलं असतं, दोन टोमणे मारले असते, तर परवडलं असतं.

"कुणाला आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी शब्द दिलाय, नाव सांगणार नाही."

"नाव घेऊन मी काय करू? मला तिचं रक्त हवंय. विषाणू किती आहे ते बघायचंय. आज हवंय."

विल्बेर उभा राहिला होता. "ओब्दुलिया कोमाद्रे," तो हळू म्हणाला. नोएमीने मानेनेच हो म्हटलं. "तू होतीस ना तिथे? तू पाहिलंस?"

"हो."

"बोटातून रक्त आलेलं पाहिलंस. आणि काही बोलली नाहीस."

"नाही."

"तू," तो म्हणाला. "माझ्या आईला हात धुवायला लावून दारात पाच मिनिटं उभी करणारी तू." त्याच्या आवाजात राग असता तर तिला काही तरी उत्तर सुचलं असतं. त्याला नुसतं समजत नव्हतं. तो खाटेच्या दांड्याला धरून पोरीकडे बघत राहिला.

डॉक्टर उगार्ते नर्सशी बोलत होत्या. सांगून झाल्यावर त्या वळल्या. "रविवारचं ना? मग अजून उशीर झालेला नाही. तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन आत्ता देऊ, दुसऱ्या मांडीत लस देऊ. पुढच्या आठवड्यात सांगितलं असतंत तर मला काही करता आलं नसतं." त्यांनी अलेलीच्या टोपीची गाठ सोडली. "ते डूल काढा. आणि शुक्रवार आता धरून चालू नका. मला बाकीच्यांशी बोलावं लागेल. फार लांबवता येणार नाही हे मलाही कळतं, पण डोळे मिटून मी तिला टेबलावर घेणार नाही."

"हो, डॉक्टर."

"तुम्ही शिकवता ना कुठेतरी? काय शिकवता?"

"जीवशास्त्र."

डॉक्टरांनी टोमणा म्हणून विचारलं नसावं. पुढचं किती सविस्तर सांगावं एवढाच अंदाज घेतला असावा. पण त्या मान हलवून निघून गेल्या, आणि ते उत्तर सगळ्या खाटांच्या मधोमध पडून राहिलं.

डूल नोएमीनेच काढले. डाव्या कानातला काढताना खपली निघाली आणि पुन्हा रक्त आलं. अलेली आईच्या हाताला मुठी मारत ओरडली. सोमवारची नर्स इंजेक्शनं घेऊन आली. तिने एका शब्दाने सोमवारचा उल्लेख केला नाही. "मांडी घट्ट धरा, सेन्योरा," एवढंच म्हणाली. नोएमीने घट्ट धरली. विल्बेर खिडकीशी उभा राहून बाहेर पाहत होता. पोर दुसऱ्यांदा किंचाळली तेव्हा तो आला, त्याने पोरीला नोएमीच्या हातातून घेतलं आणि छातीशी धरून येरझाऱ्या घालू लागला. "जा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आणायचंय ना तिला, जा."

ओब्दुलिया फाटकाजवळच्या बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. नोएमीला एकटीच येताना बघून ती सरकली, जागा केली. नोएमी बसली नाही.

"कोमाद्रे, तुम्हाला वर यावं लागेल. रक्त द्यायला. तपासायला."

"मघाशीच तर नको म्हणाले." मग तिने नोएमीचं तोंड पाहिलं. "सांगितलंस?"

"हो."

"नाव घेऊन?"

"मी घेतलं नाही. विल्बेरने ओळखलं. पण मी सांगितलं."

ओब्दुलियाने गाठोड्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. तिचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला. "घटकाभरसुद्धा दम निघाला नाही," ती म्हणाली. "असं काय अडलं होतं डॉक्टरणीचं माझ्या रक्तावाचून?"

"रविवारी," नोएमी म्हणाली. "तुमच्या बोटाला सुई लागली होती."

बाजूने एक रिकामी चाकांची खुर्ची खडखडत गेली. ओब्दुलियाने आपला उजवा हात वर करून बघितला, बोटं उलटसुलट केली, जणू ती दुसऱ्याची आहेत. कितीतरी पोरींच्या कानांमागे धरलेलं ते बोट होतं.

"पोरीला लागलं ते?"

"अजून माहीत नाही. इंजेक्शन दिलंय. ऑपरेशन पुढे गेलं."

"देवा रे." तिने हात झग्यात लपवला. मग मान वर केली. "तू पाहिलं होतंस? माझं बोट?"

नोएमीला वाटलं, नाही म्हणावं. एवढा एक शब्द. "हो," ती म्हणाली. "बोट पाहिलं. सुई झग्याला पुसली तेही पाहिलं. पाणी उकळत होतं."

"मग ओरडली का नाहीस गं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," ओब्दुलिया म्हणाली. "दुपारपर्यंत वाटलं असतं. मग जेवले असते मी." तिचा आवाज चढला आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याने वळून पाहिलं. "बाजारात मी दिवसभर पोरींवर ओरडते, केस बांध, हात धू, नाकातून बोट काढ. माझ्यावर कुणी ओरडायचं नाही असा कायदा आहे का? तू शिकलेली. मला वाटलं, हिचं लक्ष आहे. काही चुकलं तर ही बोलेल. म्हणून तर मी बिनघोर टोचले."

आपल्याला तिच्या भावनांची काळजी होती हेसुद्धा पुरतं खरं नाही, हे नोएमीला ठाऊक होतं. आपल्याला डूल हवे होते. पाणी उकळण्यात, सुई निववण्यात वेळ गेला असता, तेवढ्या वेळात आपण शुद्धीवर आलो असतो आणि नको म्हटलं असतं. ते तिला नको होतं. हे सांगायला ती तोंड उघडणार होती, पण ओब्दुलिया उठून चालू लागली होती.

एरवी ती चालताना कुणाच्या तरी दंडाला धरून चालायची, सगळं वजन टाकून. आज ती वाटेच्या अगदी पलीकडच्या कडेने निघाली, दोन्ही हात शालीत गुंडाळून, कोपर अंगाशी आवळून. समोरून एक बाई कडेवर मूल घेऊन आली तशी ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि तिने त्यांना जाऊ दिलं. गाठोडं हनुवटीखाली दाबलेलं होतं, ते घसरत होतं.

नोएमी दोन पावलं मागून चालत होती. काही क्षण तिने ते तसंच पाहिलं. पाहणं तिला चांगलं जमत होतं.

"कोमाद्रे," ती म्हणाली. "हात लावल्याने नाही होत ते. सोबत जेवल्यानेही नाही होत. शेवयांनी तर मुळीच नाही. फक्त रक्ताने होतं."

ओब्दुलिया थांबली, पण वळली नाही. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस?"

"नाही. तसं नसतं तर कुणाला शिवू नका, असं मी तुम्हाला म्हणाले असते."

"म्हणाली असतीस?"

"आता म्हणाले असते."

ओब्दुलियाने वळून तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात माफी नव्हती. बाजारात मापावरचं वजन बघतात तसं ते बघणं होतं. मग तिने हनुवटीखालचं गाठोडं काढलं आणि नोएमीच्या हातांत आदळलं.

"धर मग हे. माझा हात अवघडला," ती म्हणाली. "आणि कुठल्या दाराने जायचं ते पुढे होऊन सांग."